हिवाळी यात्रेत वाहनातील गॅस : नळी, ज्योत आणि बंद काचा

कार्तिकी एकादशीनंतर नर्मदा परिक्रमेचा हंगाम सुरू होतो. महाराष्ट्रातून बसने, टेम्पो ट्रॅव्हलरने किंवा स्वतःच्या मोटारीने निघालेली कुटुंबे जबलपूरला ग्वारीघाट, तिलवाराघाट, भेडाघाट येथे थांबतात आणि पुढे अमरकंटकच्या दिशेने जातात. जबलपूरमधील मराठी घरांत या काळात नात्यातली माणसे मुक्कामाला येतात, आणि घरातील ज्येष्ठही पुष्कळदा त्यांच्याबरोबर पुढे निघतात. सामानात फराळाच्या डब्यांशेजारी एक सिलिंडर व एक शेगडी बहुधा असतेच. वाटेत वेळेवर चहा मिळावा, पथ्याचा मऊ भात मिळावा, ही अपेक्षा रास्त आहे. आपण किंवा आपल्या घरचे कोणी अशा प्रवासास निघणार असल्यास हे पत्रक सामान भरण्यापूर्वी वाचावे.

सांगावयाचे आहे ते थोडेच आहे. वाहनाची चाके फिरत असताना सिलिंडर बंद व रेग्युलेटर काढलेला असावा. आणि वाहनात किंवा खोलीत माणसे झोपलेली असताना कोणतीही ज्योत पेटती असू नये. यामागील कारणे समजून घेतल्यास हा नियम पाळणे सोपे जाते.

आपल्या स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन व ब्युटेन या वायूंचे मिश्रण. तो सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रवरूपात असतो. एक किलो द्रवापासून सुमारे अर्धा घनमीटर वायू तयार होतो, आणि हवेत या वायूचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास पोहोचले की एक ठिणगीही पुरते. स्वयंपाकघरात खिडकी असते, दार असते. बारा-पंधरा आसनांच्या गाडीतील जागा मात्र घरातल्या लहान खोलीपेक्षाही कमी भरते, आणि थंडीत तिच्या सर्व काचा लावलेल्या असतात. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता आसनांखाली व सामानाच्या डिकीत साचतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते खरे. परंतु सर्दीने चोंदलेल्या नाकाला, उतारवयात मंदावलेल्या घ्राणशक्तीला आणि झोपलेल्या माणसाला तो वास वेळेवर येईलच असे नाही.

चालत्या गाडीत आणखी तीन गोष्टी घडतात. खड्ड्यांच्या धक्क्यांनी रेग्युलेटर सैल होतो व नळी शेगडीच्या तोटीवरून सरकते. काच उघडताच येणाऱ्या झोताने ज्योत विझते. आपल्याकडील बहुतेक घरगुती शेगड्यांत ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी व्यवस्था नसते, त्यामुळे न जळालेला गॅस वाहतच राहतो. आणि अचानक ब्रेक लागला तर उकळते पाणी किंवा गरम तेल मांडीवर सांडते. या तिसऱ्या धोक्याचा विचार फारसा कोणी करीत नाही, पण लहान मुलांच्या भाजण्यात उकळत्या द्रवाचा वाटा किती मोठा असतो हे कोणत्याही रुग्णालयाच्या जळीत विभागात दिसून येईल.

वाहन थांबलेले आहे म्हणून निश्चिंत राहावे, असेही नाही. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे तामिळनाडूतील मदुराई स्थानकाजवळ, लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंच्या खासगी डब्याला आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला. डबा उभा होता. आत नियमबाह्यपणे आणलेला सिलिंडर होता व चहा करण्याची तयारी चालली होती. रेल्वेत गॅस सिलिंडर नेणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परिक्रमेसाठी काही कुटुंबे जबलपूरपर्यंत रेल्वेने येतात. त्यांनी रिकामा सिलिंडरही बरोबर घेऊ नये.

थंडीत सिलिंडर ‘संपल्यासारखा’ का वाटतो

अमरकंटक समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीत तेथील पहाट गोठवणारी असते. अशा वेळी शेगडीची ज्योत मंदावते आणि सिलिंडर हलवून पाहिल्यास आत द्रव असल्याचे जाणवते. याचे कारण साधे आहे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसलाही उकळतो, म्हणजे त्याची वाफ होत राहते. ब्युटेन मात्र शून्य अंशाच्या आसपास द्रवच राहू पाहतो. त्यातच गॅस वापरला जात असताना सिलिंडर स्वतःही थंड होत जातो. मग कोणी सिलिंडर आडवा करतो, कोणी उकळत्या पाण्यात ठेवतो, कोणी त्याच्याखाली निखारे सरकवतो. यांपैकी काहीही करू नये. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर पडतो व ज्योत एकाएकी भडकते. उष्णता दिल्यास आतील दाब धोकादायक होतो. सिलिंडर उभाच ठेवावा, ऊन वर येईपर्यंत थांबावे, आणि पहाटेचा चहा धर्मशाळेत किंवा आश्रमात घ्यावा. परिक्रमेच्या वाटेवर अन्नदानाची परंपरा मोठी आहे; तिचा लाभ घेण्यात संकोच कसला?

न येणारा वास

गळणाऱ्या गॅसला वास तरी असतो. दुसऱ्या धोक्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. बंद जागेत गॅस, कोळसा किंवा लाकूड अपुऱ्या हवेत जळू लागले की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. गॅसची ज्योत निळी न राहता पिवळी होणे आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरणे ही त्याची खूण आहे. पण ज्योत निळी दिसते म्हणून खोली सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढू नये. रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा हा वायू दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. परिणामी श्वास चालू असतो, छाती हलत असते, तरी मेंदूला व हृदयाला प्राणवायू मिळत नाही.

जानेवारी २०२० मध्ये केरळमधील दोन कुटुंबे नेपाळमधील दामन या थंड हवेच्या ठिकाणी एका रात्रीच्या मुक्कामाला थांबली होती. थंडी असह्य झाल्याने त्यांतील आठ जण एकाच खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले. दारे-खिडक्या आतून बंद होत्या. आठांपैकी कोणीही वाचले नाही. त्यांत चार मुले होती. खोलीत आग लागली नव्हती.

म्हणून वाहनात किंवा मुक्कामाच्या खोलीत उबेसाठी गॅसची शेगडी, गॅस हीटर किंवा जबलपुरात जिला सिगडी म्हणतात ती कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. निखाऱ्यांवर राख धरली तरी त्यांतून हा वायू निघत असतो. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून आत झोपणेही तितकेच घातक आहे. खिडकी चार बोटे उघडी ठेवली की पुरे, हा समजही फोल आहे. ऊब घोंगडी, रजई, लोकरी मोजे, कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी यांतून घ्यावी.

अलीकडे कॅराव्हॅन, म्हणजे निवासाची सोय असलेले वाहन, भाड्याने घेऊन फिरण्याची पद्धत रूढ होत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये त्यासाठी पर्यटन धोरणही आणले. परदेशी असलेली आपली मुले मोटारीमागे जोडलेली अशी घरे ओढत हिवाळी सहलीला जातात. त्यांतील फ्रिज व हीटर बऱ्याचदा प्रोपेनवर चालतात आणि त्यांना ज्योत विझल्यास गॅस तोडणारी झडप असते. तथापि अपघातात नळीच तुटली तर ही झडप उपयोगाची नाही, आणि पेट्रोल पंपावर पेटती ज्योत घेऊन जाणे कोठेही क्षम्य नाही. निघण्यापूर्वी सिलिंडर मुळाशी बंद करावा. आधी थंड केलेला फ्रिज दार न उघडल्यास काही तास थंडावा धरून ठेवतो.

सिलिंडर न्यावाच लागला तर तो प्रवाशांच्या गाडीत न ठेवता सामानाच्या उघड्या वाहनात, उभा व दोरांनी घट्ट बांधून न्यावा. रेग्युलेटर काढून दोरीला बांधलेले टोपण बसवावे. स्वयंपाक गाडीबाहेर, उघड्यावर, वाऱ्याला आडोसा करून करावा.

प्रवासात गॅसचा वास आल्यास गाडी वस्तीपासून दूर, रस्त्याच्या कडेला थांबवून इंजिन बंद करावे, सर्वांनी उतरावे व दारे उघडी टाकावीत. दिवे, पंखे, काडेपेटी, मोबाइल यांना गाडीत हात लावू नये. वास पूर्ण जाईपर्यंत गाडी पुन्हा सुरू करू नये. गळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर करता येते.

एकाच खोलीतील किंवा गाडीतील दोघा-तिघांना एकदम डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी, गोंधळल्यासारखे होणे असा त्रास सुरू झाला, तर तो प्रवासाचा शीण किंवा बाहेरच्या खाण्याचा परिणाम समजून त्यांना झोपू देऊ नये. प्रथम सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ किंवा ११२ वर दूरध्वनी करावा. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देणे सुरू करावे. बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर येथे फसवते: कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही त्यावर ९५ किंवा त्याहून अधिक आकडा दाखवू शकते. त्या आकड्यावर विसंबून रुग्णालयात जाणे टाळू नये. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात, तर मुखवट्याने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण दीड तास. गर्भवती महिलेस बरे वाटू लागले तरी तिला रुग्णालयात न्यावेच, कारण गर्भाच्या रक्तातून हा वायू अधिक सावकाश बाहेर पडतो.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट लावू नये. रुग्णालयात पोहोचताच, कोणी विचारण्याची वाट न पाहता, “खोलीत शेगडी पेटलेली होती” किंवा “गाडीत गॅस चालू होता” एवढे सांगावे, आणि त्या जागी आणखी कोण झोपले होते तेही सांगावे. बरे होऊन घरी परतलेल्या व्यक्तीस पुढील काही आठवड्यांत विसराळूपणा, चालताना तोल जाणे किंवा स्वभावातील बदल जाणवल्यास तिला पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.