मृत्यू, विसार आणि पंडिता रमाबाई

ख्रिस्ती धर्मातील पुनरुत्थान म्हणजे आत्म्याचे अमरत्वच होय, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो बरोबर नाही. आत्मा मरतच नाही, देह तेवढा पडतो, ही गीतेची शिकवण. ख्रिस्ती मताप्रमाणे मृत्यू हा खराखुरा शत्रू आहे. मनुष्य खरोखर मरतो, आणि देव त्याला देहासह नव्याने उठवील अशी आशा आहे. येशू उठला नसेल तर आपला विश्वास फुकट, असे संत पौलाने करिंथकरांना साफ लिहून टाकले. स्वतःला इतके उघड्यावर ठेवणारी श्रद्धा विरळाच!

या आशेची कसोटी पाहावयाची तर पंडिता रमाबाईंचे (1858–1922) चरित्र पाहावे. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात वडील, आई व थोरली बहीण गेली. रायचूरला आईच्या तिरडीस चौथा खांदेकरी मिळेना, तेव्हा त्या स्वतः उभ्या राहिल्या. पण उंची कमी पडली, म्हणून भार डोक्यावर घेतला. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. बाप्तिस्मा झाला 1883 मध्ये. म्हणजे मृत्यूची ओळख आधीची, आशेची नंतरची. 1896–97 च्या दुष्काळात त्या आपल्या मध्य प्रांतात आल्या व शेकडो निराधार मुली-विधवांना घेऊन गेल्या; त्यातून केडगावचे मुक्ती सदन वाढले.

पुढे 24 जुलै 1921 रोजी एकुलती एक कन्या मनोरमा वारली. गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या, शाळेच्या उभारणीत तिचा वाटा होता. आई त्या वेळी हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होती.

त्या ग्रीकमध्ये, करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, ‘अर्राबोन’ असा शब्द आहे. मूळ सेमिटिक भाषांतला, शुद्ध व्यापारी शब्द. अर्थ, विसार! भावी देहाविषयी बोलताना पौल म्हणतो की, देवाने पवित्र आत्मा विसार म्हणून दिला आहे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. विसार देणारा बांधला जातो, पण माल अजून हाती आलेला नसतो. म्हणून ख्रिस्ती घरातही रडणे निषिद्ध नाही. लाजाराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू वाटेत रडलाच.

मनोरमेनंतर रमाबाई साडेआठ महिने जगल्या आणि भाषांतराचे काम करीत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे केडगावी निधन झाले. संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून बाहेर पडले.