हया, तवक्कुल आणि आतड्याची तपासणी

आपल्या आई-वडिलांना किंवा भावंडांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर ‘तकदीर’ म्हणून स्वस्थ बसू नका. आदरणीय प्रेषितांनी (स.) उपचार करण्याचा आदेश दिला आहे, येथे तर रोगाला आधीच अडविता येते. तो बहुधा पॉलिप नावाच्या लहानशा गाठीतून, साधारण 10 वर्षांत वाढतो. कोलोनोस्कोपीच्या दुर्बिणीतून ती गाठ दिसते, आणि बहुतेकदा तेव्हाच काढताही येते. अशा घरातील व्यक्तीने 40व्या वर्षी, किंवा नातलगाला ज्या वयात रोग आढळला त्याच्या 10 वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा तपासणी सुरू करावी. वडिलांना 45व्या वर्षी झाला असेल, तर मुलांनी 35व्या वर्षी. पण सोयरीक अडेल या भीतीने आपण आजाराचे नावच लपवितो; मग मुलांनी हिशेब कशावरून करावा?

राहिली लाज. वैद्यकीय गरजेपुरता सतर उघडण्यास शरीअतची मुभा आहे. भगिनींनी महिला डॉक्टर मागावी. न मिळाल्यास तपासणी टाळू नये. आतडे स्वच्छ करण्यासाठी जुलाबाचे औषध व भरपूर पाणी प्यावे लागते, म्हणून नियमित तपासणी रमजानबाहेर ठेवावी. मात्र शौचावाटे रक्त जात असेल, तर मूळव्याध समजून ईदची वाट पाहू नका. रोजा सोडा, कजा नंतर करता येते.