पेनड्राइव्हवर जागा असूनही फाइल का उतरत नाही?

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे अखंड चित्रण संगणकातून पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावयाचे आहे, असे समजू. फाइल ५ गीगाबाइटची आहे. पेनड्राइव्हवर २० गीगाबाइट जागा मोकळी आहे. तरीही संगणक नकार देतो. विंडोज एक्सपीसारख्या जुन्या प्रणालीत तर, जागा पुरेशी नाही, काही फाइली काढून पुन्हा प्रयत्न करावा, अशा आशयाची सूचना येते. ती प्रमाण मानून शिक्षक मागील वर्षांची छायाचित्रे व निकालपत्रके पुसून टाकतो. जागा वाढते, फाइल मात्र उतरत नाही. शिवाय विंडोजमध्ये पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल सामान्यतः रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती गेली ती गेलीच, असे समजून चालावे.

येथे अडचण जागेची नसून नोंदीची आहे. प्रत्येक पेनड्राइव्हवर फाइलींची नोंदवही ठेवण्याची एक ठरावीक पद्धती असते. पुष्कळ पेनड्राइव्हांवर, विशेषतः ३२ गीगाबाइटपर्यंतच्या, ती फॅट३२ नावाची असते. ही पद्धती १९९६ च्या सुमाराची. तीत फाइलीची लांबी लिहिण्यासाठी ३२ द्विमान अंकांचा रकाना आहे. हजेरीपटात बेरजेसाठी तीनच घरे आखलेली असली, तर ९९९ च्या पुढील बेरीज कशी लिहावी? कागद कितीही कोरा असो, रकाना पुरत नाही. तद्वत फॅट३२ मध्ये एका फाइलीची लांबी जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे ४ गीगाबाइटला एक बाइट कमी, इतकीच मांडता येते. अशा दहा-दहा लहान फाइली सुखाने मावतील. ५ गीगाबाइटची एक मावणार नाही. (वरच्या इयत्तांना घातांक शिकविताना २ चा ३२ वा घात हे उदाहरण घेण्यासारखे आहे.)

तेव्हा काहीही पुसण्यापूर्वी पेनड्राइव्हच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथे फाइल सिस्टिमचे नाव व मोकळी जागा दोन्ही दिसतात. फॅट३२ असे लिहिलेले असेल आणि फाइल ४ गीगाबाइटहून मोठी असेल, तर कारण सापडले.

उपाय दोन आहेत. सेव्हन-झिपसारख्या मोफत साधनाने फाइलीचे लहान तुकडे करून ते उतरवावेत व दुसऱ्या संगणकावर पुन्हा जोडावेत. यात पेनड्राइव्हवरील मजकुरास धक्का लागत नाही. परंतु सर्व तुकडे जवळ असल्याखेरीज चित्रण पाहता येत नाही. दुसरा उपाय, पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करणे. ही पद्धती मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली व तीत ४ गीगाबाइटची मर्यादा नाही. परंतु फॉरमॅट करणे म्हणजे पाटी पुसणे होय. आतील सर्व मजकूर आधी अन्यत्र ठेवावा. काही जुने दूरदर्शन संच व प्रोजेक्टर एक्सफॅट वाचीत नाहीत, म्हणून ज्या यंत्रावर चित्रण दाखवावयाचे तेथे एक लहान फाइल घालून अगोदर पाहून घ्यावे.

कधी कधी जागा खरोखरच अपुरी असते. ६४ गीगाबाइट असे छापलेल्या पेनड्राइव्हवर संगणक सुमारे ५९.६ दाखवितो. यात दुकानदाराची लबाडी नाही. कारखाना एक गीगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, विंडोज १,०७,३७,४१,८२४ धरते. दुसरे कारण लहान फाइलींचे. जागा ठरावीक मापाच्या खणांनी दिली जाते. एक्सफॅट असलेल्या ६४ गीगाबाइटच्या पेनड्राइव्हवर हा खण सामान्यतः १२८ किलोबाइटचा असतो. एक किलोबाइटची चिठ्ठीदेखील अख्खा खण अडविते. अशा १०,००० फाइली सुमारे सव्वा गीगाबाइट जागा घेतात. त्या एकाच झिप फाइलीत बांधून ठेवल्यास ही जागा वाचते.

फाइल उतरल्यावर संगणकातील मूळ प्रत लगेच काढू नये. दोन्हींचे बाइट जुळतात की नाही ते पाहावे, ‘इजेक्ट’ करून पेनड्राइव्ह काढावा, दुसऱ्या संगणकास लावून चित्रण आरंभी, मध्ये व शेवटी चालवून बघावे, आणि मगच मूळ प्रतीचा विचार करावा.