जर्मनीतला रविवार इतका कडेकोट बंद का?

प्रश्न : माझी मुलगी सप्टेंबरअखेरीस शिकायला म्युनिकला गेली. शनिवारी रात्री पोचली आणि रविवारी सकाळी दूध-ब्रेड आणायला बाहेर पडली, तर एकही दुकान उघडं नाही. मोठमोठ्या सुपरमार्केटनाही कुलूप! पुढच्या रविवारी पडद्याचा दांडा लावायला तिनं ड्रिल हातात घेतलं, तर खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन, ‘आज नाही, उद्या कर,’ असं बजावून गेल्या. काचेच्या रिकाम्या बाटल्या टाकायला गेली, तर तिथल्या पेटीवरही रविवारी टाकू नका अशी पाटी. एवढा उद्योगी देश आठवड्यातला एक दिवस असा सक्तीनं बंद का ठेवतो? यामागे धर्म आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सुरुवात धर्मापासून झाली हे खरं. पण आज तिथला रविवार बंद राहतो तो राज्यघटनेमुळे, आणि त्या तरतुदीच्या राखणीला चर्चइतक्याच कामगार संघटनाही उभ्या आहेत.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं इ.स. ३२१ मध्ये रविवार हा शहरांपुरता विश्रांतीचा दिवस ठरवला. शेतकऱ्यांना त्यातून सूट होती, कारण पेरणी काही वार पाहून थांबत नाही. पुढे ख्रिस्ती युरोपात ही प्रथा रुजली. कारखाने आले तशी ती ढिली पडली, कारण यंत्रं एक दिवस थंड ठेवणं मालकांना परवडेना. मग कामगारांनी हा प्रश्न लावून धरला आणि १८९१ च्या कायद्यानं जर्मन कारखान्यांतलं रविवारचं काम, काही अपवाद सोडून, थांबलं. दुकानांना रविवारी काही तास मुभा होती, ती १९१९ साली गेली.

त्याच वर्षी वायमार राज्यघटना आली. तिच्या १३९ व्या कलमानं रविवार आणि सरकारमान्य सण हे कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून सुरक्षित केले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीची नवी घटना लिहिली गेली, तेव्हा हे जुनं कलम तसंच्या तसं तिच्यात घेतलं. आजही ते लागू आहे. त्यामुळे एखाद्या राज्य सरकारला वाटलं म्हणून दर रविवारी बाजार भरवता येत नाही.

बर्लिननं ते करून पाहिलं. २००६ मध्ये तिथल्या कायद्यानं नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायला परवानगी दिली. चर्च न्यायालयात गेली आणि १ डिसेंबर २००९ रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयानं सलग चार रविवारांची ही सूट घटनाबाह्य ठरवली. दुकानदाराचा धंदा आणि गिऱ्हाइकाची रोजची खरेदीची हौस एवढ्या कारणांवर रविवार मोडता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. निकालातला दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो : सुट्टी सर्वांना एकाच दिवशी मिळाली तरच कुटुंब, मित्रमंडळी, संस्था-संघटना यांचं एकत्र जगणं शक्य होतं. आईला मंगळवारी, बाबांना गुरुवारी आणि मुलांना रविवारी सुट्टी असेल, तर प्रत्येकाला विश्रांती मिळते, पण घराला सुट्टी मिळत नाही.

मुलीला संध्याकाळीही धावपळ करावी लागत असेल. त्याचं कारण वेगळं आहे. १९५६ च्या जर्मन कायद्यानुसार दुकानं साडेसहाला आणि शनिवारी तर दुपारी दोनलाच बंद होत. ही वेळ टप्प्याटप्प्यानं वाढली. २००६ मध्ये हा अधिकार राज्यांकडे गेला, तेव्हा बर्लिनसह अनेक राज्यांनी कामाच्या दिवसांची बंधनं सैल केली. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियानं मात्र रात्री आठची वेळ सोडली नाही.

आता खालच्या मजल्यावरच्या आजींकडे वळू. त्यांचा तिच्यावर राग नसावा. रविवारची शांतता हाही तिथं कायद्याचा विषय आहे. निवासी भागात गवत कापायचं यंत्र रविवारी दिवसभर चालवता येत नाही, आणि ड्रिल-हातोड्याची कामंही त्या दिवशी टाळावी लागतात. बाटल्यांच्या पेटीवरच्या पाटीचं कारण काच फुटल्याचा आवाज, दुसरं काही नाही. साडेसात टनांवरचे मालवाहू ट्रक रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर आणता येत नाहीत. दूध, फळं, भाजी असा नाशवंत माल त्यातून वगळला आहे. कुकरच्या शिट्टीबद्दल कायदा काही म्हणत नाही, तेव्हा वरण-भात खुशाल लावावा.

या सगळ्याकडे परक्या देशाची तऱ्हा म्हणून पाहण्याआधी आपल्याकडचं एक नाव आठवावं : नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. मुंबईतल्या गिरणी कामगारांना तेव्हा ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली, अर्ज-विनंत्या केल्या, सभा घेतल्या. रविवार हा खंडोबाचाही वार, असा दाखला त्यांनी दिल्याचं सांगतात. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जर्मन कारखान्यांतलं रविवारचं काम कायद्यानं थांबलं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. ‘रविवार म्हणजे इंग्रजांनी दिलेली सुट्टी’ असं आपण सहज म्हणतो, पण गिरणगावाला ती भांडून मिळवावी लागली.

पुढे दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या झाल्या. आपल्याकडे दुकानांची साप्ताहिक सुट्टी भागाभागानुसार वेगवेगळ्या वारी असे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायला मोकळीक दिली, मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्याची एक सुट्टी पाळीपाळीनं द्यायचं बंधन घातलं. यात गिऱ्हाइकाची सोय होते आणि रोजगारही वाढू शकतो. जर्मनांनी ती सोय सोडली आणि एकत्र सुट्टी राखली. तिथंही यावर वाद आहेत. ऑनलाइन खरेदी रविवारीही चालते, मग आम्हीच का बंद, असं दुकानदार विचारतात. वर्षातले मोजके रविवार दुकानांना खुले मिळतात, तेव्हा ‘वेर्डी’ ही सेवाक्षेत्रातली मोठी कामगार संघटना त्याविरुद्ध अनेकदा न्यायालयात जाते.

मला विचाराल तर माझं मत जर्मनांच्या बाजूनं आहे. रविवारी दूध न मिळण्याची गैरसोय शनिवारी अर्धा तास काढून टळते. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या बाईचा मुलांसोबतचा रविवार मात्र एकदा गेला की दुसऱ्या वारी भरून निघत नाही. परदेशात आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात हा दिवस खायला उठतो, हे मान्य. रस्ते सामसूम, ओळखीचं कोणी नाही आणि बाजारात जीव रमवायची सवय. त्या वेळी घरची आठवण नेमकी रविवारी दुपारी येते.

म्हणून मुलीला एवढं कळवा. किराणा शनिवारी रात्री आठच्या आत भरावा. म्युनिकमध्ये वर्षाला १३ सार्वजनिक सुट्ट्या असतात आणि त्या दिवशीही बाजार बंदच, तेव्हा सुट्टी शनिवारी किंवा सोमवारी आली की दोन दिवसांचं सामान आधी आणावं. अडलंच तर मुख्य रेल्वे स्थानकातली दुकानं प्रवाशांसाठी रविवारीही उघडी असतात, बेकऱ्या काही तास चालतात, उपाहारगृहं चालू असतात आणि रात्रपाळीसारखी आळीपाळीनं एखादी औषधपेढी उघडी ठेवलेली असते. आणि म्युनिकची ‘आल्टे पिनाकोटेक’ ही जगप्रसिद्ध चित्रशाळा रविवारी फक्त १ युरोत पाहता येते. येत्या रविवारी तिनं तिथं जावं, आणि पडद्याचा दांडा सोमवारी लावावा.