जन्माचा दाखला

मुलांनो, आमच्या खेड्यातील शाळेत एके काळी मोठी गंमत होती. कोणत्याही वर्गाचे नोंदपुस्तक उघडावे, तर निम्म्याहून अधिक मुलांची जन्मतारीख एकच, १ जून! ही गोष्ट काही आमच्याच गावची नव्हे. महाराष्ट्रात आजही ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची रीघ लागते. कारण १ जूनला जन्मल्याची नोंद असलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या दिवशी, मे महिन्याच्या अखेरीस, सेवानिवृत्त होतो. एवढी माणसे एकाच तारखेला जन्मास आली असतील, असे कोणी म्हणणार नाही. त्यांना तो दिवस दिला, तो आम्हा शिक्षकांनी.

त्याचे असे होई. जून महिन्यात शाळा उघडे. कोणी शेतकरी मुलाला हाताशी धरून घेऊन येई. 'जन्म कधीचा?' असे विचारावे, तर उत्तर मिळे, 'पेरणी आटोपली होती,' किंवा 'मोठा दुष्काळ पडला, त्याच्या दुसऱ्या साली.' पुस्तकातील रकान्याला मात्र दिवस, महिना आणि सन हवा असे. मग मुलाला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानापर्यंत न्यायला सांगत. बोटे कानाला लागली, की मूल शाळेच्या वयाचे झाले असे समजून गुरुजी सहा वर्षे मागे मोजीत आणि १ जून ही तारीख लिहून मोकळे होत.

मीही तसेच केले. १९८७ च्या जून महिन्यात एक बाई आपल्या मुलीला घेऊन शाळेत आली. मुलीची चुलत बहीण त्याच दिवशी पहिलीत दाखल होत होती. 'गुरुजी, दोघी जोडीनं येतील, जोडीनं जातील. पुढच्या साली एकटीला धाडायचं, तर ओढा आडवा येतो,' असे ती म्हणाली. मुलगी झाली तेव्हा शेतात बाजरी निसवली होती, एवढे तिला आठवत होते. साल सांगता येत नव्हते. मुलीचा हात कानाला पोचत नव्हता, हे मी पाहिले. तरी ओढ्याचा विचार करून मी टाक उचलला आणि १ जून १९८१ असे लिहिले. आपण एक चांगले काम केले, याच समाधानात मी त्या दिवशी घरी गेलो.

मुलगी हुशार निघाली. १९९९ च्या उन्हाळ्यात ती बारावीची परीक्षा देऊन घरी आली होती. एके दिवशी दुपारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिचे लग्न ठरत होते. तिला शिकायचे होते. परंतु वडिलांचे म्हणणे एकच, 'दाखल्याप्रमाणे १ जूनला अठरा पुरी होतात. आता कायद्याची आडकाठी नाही.' मुलीच्या विवाहाचे किमान वय १८ वर्षे, हा नियम १९७८ पासून आपल्याकडे आहे. ती मला म्हणाली, 'गुरुजी, माझं खरं वय किती?'

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ज्या पुस्तकाकडे सारे जण बोट दाखवीत होते, त्यातील ती ओळ माझ्या हातची होती.

जन्माची खरी नोंद शाळेत होत नाही. ती ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत होते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला आणि १ एप्रिल १९७० पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. या कायद्यातील एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. मूल ज्या गावी जन्मले, त्या गावीच त्याची नोंद होते; आईबाप कोठे राहतात, याला महत्त्व नाही. आमच्या ग्रामपंचायतीत त्या मुलीचे नाव शोधून उपयोग नव्हता. तिची आई बाळंतपणासाठी माहेरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघे तिच्या आजोळी गेलो. तिथल्या ग्रामसेवकांना गावकरी भाऊसाहेब म्हणत. मुलीने साध्या कागदावर अर्ज लिहिला. आईबापांची नावे, गाव आणि जन्माचे साल एवढी माहिती त्यात हवी होती. साल म्हणून तिने सवयीने १९८१ घातले. भाऊसाहेबांनी कपाटातून त्या वर्षाचे पुस्तक काढले, धूळ झटकली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवले. नोंद नव्हती. 'आढळत नाही, असे लिहून देऊ का?' त्यांनी विचारले. मुलीचा चेहरा उतरला.

मी थोडा वेळ मागून घेतला आणि आम्ही तिच्या आजीकडे गेलो. आजीला सन ठाऊक नव्हता, पण तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, 'तुझा मामा संपात मुंबईहून घरी येऊन बसला होता. त्या पावसाळ्यातली तू.' मुंबईच्या गिरणी कामगारांचा तो मोठा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, हे मला ठाऊक होते. आम्ही तसेच परत फिरलो.

१९८२ च्या पुस्तकात नोंद सापडली. तारीख होती १४ सप्टेंबर १९८२. बापाचे नाव होते, आईचे होते, जन्म घरी झाल्याचे लिहिले होते, लिंगाच्या रकान्यात 'स्त्री' हा शब्द होता. खबर देणाऱ्याच्या जागी तिच्या आजोबांचे नाव आणि त्याखाली शाईचा अंगठा उमटवलेला होता. आजोबांना अक्षर येत नव्हते आणि ते वारूनही पुष्कळ वर्षे लोटली होती. नात जन्मल्याच्या तिसऱ्या दिवशी ते पंचायतीत येऊन गेले होते, असे त्या पानावरील तारीख सांगत होती. मुलगी त्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

त्याच पानावर दुसऱ्या एका नोंदीत चूक झालेली होती. ती खोडून वा खरवडून काढलेली नव्हती. मूळ अक्षरे तशीच ठेवून समासात दुरुस्ती लिहिली होती आणि तिच्याखाली सही व तारीख होती. 'मूळ नोंदीला हात लावायचा नसतो, गुरुजी,' भाऊसाहेब सहज म्हणाले. मी काही बोललो नाही.

भाऊसाहेबांनी दाखला लिहिला, पुस्तकाशी ताडून पाहिला, सही केली आणि गोल शिक्का मारला. अशी प्रमाणित प्रत म्हणजे केवळ माहितीचा कागद नव्हे. जन्माचा पुरावा म्हणून ती कायद्याने ग्राह्य असते. पण दाखला हातात देताना त्यांनी एका रिकाम्या जागेकडे आमचे लक्ष वेधले. मुलीच्या नावाचा रकाना कोरा होता. आजोबा तिसऱ्या दिवशी येऊन गेले. बारसे बाराव्या दिवशी झाले. ठेवलेले नाव कळवायला नंतर कोणी आलेच नाही.

त्या दाखल्याने एक काम झाले आणि एक अडले. घरी वडिलांनी तो उभ्याने वाचला. लेकीचे वय सोळा वर्षे आणि आठ महिने! या जोडप्याला मुलगी एकच असल्याने, ही 'स्त्री' कोण, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी वरपक्षाकडे निरोप धाडला. त्या लोकांनी वाट पाहिली नाही, दुसरीकडे सोयरीक केली. त्यानंतर वर्षभर मुलीचे वडील मला रस्त्यात भेटले, तरी मान वळवून जात. ती मात्र शिकायला बाहेरगावी गेली.

अडले ते हे की, शाळेतील तारीख दुरुस्त व्हावी म्हणून आम्ही जो अर्ज केला, तो मान्य झाला नाही. दाखल्यावर नाव नाही, तेव्हा तो याच मुलीचा कशावरून, अशी शंका निघाली. बापाला जे ठाऊक होते, ते कचेरीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. माझी तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरली होती. तेथून ती पुढच्या प्रत्येक कागदावर गेली. आज ती सरकारी नोकरीत आहे. तिची सेवानिवृत्तीही त्याच तारखेने, म्हणजे सव्वा वर्ष आधी होईल. त्याबद्दल तिने मला कधी बोल लावला नाही.

आता दिवस पालटले आहेत. बहुतेक बाळंतपणे रुग्णालयात होतात आणि जन्माची माहिती रुग्णालयच कळवते. घरी जन्म झाला, तर ते काम कुटुंबप्रमुखाचे. त्यासाठी २१ दिवसांची मुदत असते आणि वेळेवर केलेल्या नोंदीचा पहिला दाखला विनामूल्य मिळतो. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क पडते. वर्षाच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि वर्ष उलटले, तर जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. नाव मात्र मागाहून भरता येते, वर्षाच्या आत शुल्काशिवाय आणि पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. २०२३ साली कायद्यात सुधारणा झाली. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, पारपत्र अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचाच दाखला दाखवावा लागेल. त्यांच्या गुरुजींना बोटे मोजावी लागणार नाहीत.

ती मुलगी परिचारिका झाली. एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात ती काम करते. मागे एका नातलगाच्या बाळाला पाहण्यासाठी मी तेथे गेलो होतो. एक बाळंतीण घरी जायला निघाली होती आणि तिची सासू बाळाला दुपट्यात गुंडाळीत होती. परिचारिकेने कागद पुढे केला, आईबापांची नावे मोठ्याने वाचून खात्री करून घेतली आणि म्हणाली, 'आजी, बारसं झालं, की नाव सांगायला कोणाला तरी धाडा. विसरू नका हं.' म्हातारीने मान हलवली. मग तिने नावाच्या कोऱ्या जागेभोवती पेन्सिलीने एक बारीक खूण केली आणि कागद फायलीत ठेवला.