दुधाच्या जिल्ह्यातलं मांजर: काय करावं, काय टाळावं

संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव हा सगळा पट्टा दुधाचा. अहिल्यानगर जिल्ह्यात वस्तीवर गोठा असला की मांजरही असतंच. संध्याकाळी धार काढायला बसलं की ते बादलीशेजारी येतं, करवंटीत फेसाळ दूध पडतं, आणि सकाळी पेंडीच्या पोत्यामागे पिवळी पातळ घाण सापडते. घरचे म्हणतात, उंदीर बाधला. बहुतेक वेळा उंदराचा दोष नसतो.

टाळावं

• रोजचं दूध. पिल्लू आईचं दूध सोडतं तसा दुधातली साखर पचवणारा पाचकरस कमी होत जातो. गाईच्या दुधात ही साखर साडेचार ते पाच टक्के असते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि आंबते. म्हणून गुडगुड आणि जुलाब. शेळीच्या दुधातही ती असतेच. एखाद्याला घोटभर पचतं, त्याच्या करवंटीला हात लावायचं कारण नाही. पण जुलाब चालू असताना दूध-भाकरी कुस्करून घालणं म्हणजे उपचार नव्हे.

• कांदा-लसणाचं वाटण. घोडेगाव आणि नेप्तीच्या कांदा बाजारांचा हा जिल्हा. इथे रस्सा कांद्याशिवाय होत नाही. आखाडात मटण शिजलं की उरलेला रस्सा मांजरापुढे जातो. कांद्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि शिजवून तो दोष जात नाही. चार किलोच्या मांजराला वीसेक ग्रॅमही भोवू शकतो. हिरड्या पांढुरक्या पडणं, लघवी गडद होणं ही लक्षणं काही दिवसांनी दिसतात. तोवर रस्सा कुणाच्या लक्षातही नसतो.

• शिजवलेली हाडं, खारट सुकट.

• लंघन. माणसाचं पोट बिघडलं की उपास ठीक. मांजर, त्यातही लठ्ठ, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं.

• घरातल्या गोळ्या. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते. जनावरांवर मारायचं गोचिडांचं औषध पिसवांसाठी मांजराला चोळू नये.

करावं

• जुलाब झाले पण मांजर खेळतंय, खातंय, तर दूध बंद करून दिवसभर पाहावं. उकडलेलं कोंबडीचं मांस, मीठ-मसाल्याशिवाय, थोडं थोडं द्यावं. पाण्याची दोन-तीन भांडी ठेवावीत.

• मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडावी. ती लगेच खाली बसली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय.

• खाणं एकदम बदलू नये. नवं खाणं सात ते दहा दिवसांत जुन्यात मिसळत न्यावं.

• शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी. औषध डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्यावं. पिसवाही घालवाव्यात, हा जंत बहुधा त्यांच्यातून येतो.

• डोकं, मान, कान सतत खाजवून खपल्या धरल्यात आणि पोटही वरचेवर बिघडतं? मग खाण्याची ॲलर्जी असू शकते. गोमांस, मासे, कोंबडी यांच्यावर संशय जास्त. परीक्षा एकच: डॉक्टरांना विचारून, कधी न खाल्लेल्या मांसाचा एकच आहार आठ आठवडे. वस्तीवर हे अवघड, कारण मांजर चार घरचं खातं. शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवावं, नाहीतर आठव्या आठवड्यात कुणीतरी प्रेमाने बोंबील टाकतं आणि मोजणी पहिल्यापासून. सुधारलं तर जुनं खाणं परत देऊन पाहावं. खाज उलटली की गुन्हेगार सापडला.

थांबू नये

विष्ठेत रक्त, सारख्या उलट्या, दिवसभर खाणं-पाणी बंद. लस न दिलेल्या पिल्लाला उलट्या-जुलाब लागले तर तासांचाही प्रश्न असतो, कारण विषाणूचा आजार पिल्लांना झपाट्याने नेतो. संक्रांतीचा मांजा किंवा पोत्याची सुतळी तोंडातून वा शेपटीखालून लोंबताना दिसली तर ओढू नये, आतडं चिरतं. विष खाल्लेला उंदीर खाल्ल्याचा संशय असेल तर उंदीरनाशकाचं पाकीटही सोबत न्यावं.

तालुक्याच्या किंवा नगरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मोटारसायकलवर नेताना टोमॅटोची दोन कॅरेट तोंडाला तोंड लावून बांधावीत. ताजी विष्ठा बाटलीत घ्यावी, आणि काय काय खाऊ घातलं ते खरं सांगावं, करवंटीतल्या दुधासकट.