गरोदरपणात थायरॉइडची गोळी बंद करू नका

गेल्या महिन्यात एक सासूबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सुनेला दहावा आठवडा चालू होता. थायरॉइड कमी असल्याने ती लग्नाआधीपासून रोज थायरॉक्सिनची गोळी घेत असे. दिवस राहिल्याचे कळताच घरच्यांनी ती बंद करायला लावली. "पोटात बाळ असताना औषधं कशाला? गरम पडतात," सासूबाई म्हणाल्या. हेतू चांगलाच होता. पण महिनाभरात सुनेचे टीएसएच २५ वर गेले होते. (टीएसएच वाढले म्हणजे थायरॉइड वाढले असे पुष्कळांना वाटते. अर्थ नेमका उलटा आहे. ग्रंथी कमी पडते तेव्हा मेंदूकडून तिला जास्त हाका जातात, त्या हाकांचे हे माप.)

मी सासूबाईंना सांगितले, की ही गोळी म्हणजे परके औषध नव्हे. शरीर जे स्वतः बनवते, तेच आपण बाहेरून देतो. बाळाची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि तिला जोर यायला विसावा आठवडा उजाडतो. तोवर बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागणारे थायरॉक्सिन आईच्याच रक्तातून येते. ते फार कमी पडले तर गर्भपाताचा, अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो आणि बाळाच्या बुद्धीवरही परिणाम होऊ शकतो.

खरे तर या काळात गोळी बंद नव्हे, वाढवावी लागते. बहुतेकींची गरज २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. म्हणून मूल हवे असलेल्या माझ्या रुग्णांना मी आधीच लिहून देतो, की पाळी चुकून तपासणीत दिवस राहिल्याचे कळले की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, आणि लगेच रक्ततपासणी. आपापल्या डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवा. टीएसएच २.५ च्या खाली ठेवायचे असते. त्यासाठी पाचवा महिना संपेपर्यंत दर चार आठवड्यांनी आणि पुढे तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा तपासावे.

आणखी एक चूक घरोघरी दिसते. सकाळी थायरॉइडची गोळी, लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम एकाच घोटात! लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच अडवतात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या तासाने, आणि लोह-कॅल्शियम किमान चार तासांनी.

थायरॉइड जास्त असलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांचे औषध पहिल्या तीन महिन्यांत बदलावे लागू शकते. त्यांनी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटावे.

त्या सुनेची गोळी त्याच दिवशी वाढवून सुरू केली. चार आठवड्यांनी टीएसएच बरेच खाली आले. त्या वेळी सासूबाईंनी विचारले, "बाळालाही हे होईल का?" बहुधा नाही. तरीही जन्मानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी करून घ्यावी. बाळंतीणीचा डोस पूर्वीइतकाच करून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे. गोळी चालू असताना अंगावर पाजायला काहीच हरकत नाही.